बटाट्याला उजेड दाखवू नका

आषाढी एकादशी जवळ आली, की आमच्या गावच्या बाजारात साबुदाणा आणि बटाटा दोन्ही भाव खाऊ लागतात. आणि द्वादशीच्या सकाळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर पोट धरून बसलेल्यांची गर्दी वाढते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. तूप, शेंगदाण्याचे कूट, तळलेले वडे, वर दोन केळी. बहुतेकांना पित्ताची एक गोळी आणि दिवसभर मऊ भात एवढ्यावर बरे वाटते. पण एका द्वादशीची सकाळ मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवशी माझे निदान चुकले, आणि त्या चुकीची शिक्षा मला न होता एका आजीबाईंना झाली.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षे झाली. सकाळी सहाच्या सुमारास दाराची कडी वाजली. ओळखीतले एक गृहस्थ आई, पत्नी आणि दोन मुलांना रिक्षात घालून घेऊन आले होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. रात्री दोन वाजल्यापासून चौघांनाही उलट्या, पोटात कळा आणि जुलाब. मुलीचे डोके दुखत होते. मुलगा तर ग्लानीतच होता, डोळे खोल गेलेले, हातपाय गार. ताप मात्र कोणालाच नव्हता.

अशा वेळी डॉक्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, काल काय खाल्ले? भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दही, केळे. भगर हा शब्द ऐकला आणि माझे निदान तिथेच पक्के झाले. उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दमट हवेत भगरीला किंवा तिच्या पिठाला बुरशी लागते, आणि ती काही जणांना चांगलीच भोवते. मी मुलाला सलाईन लावले, बाकीच्यांना मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजत ठेवले. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. ‘घरातली भगर आहे तेवढी फेकून द्या,’ असे बजावून मी त्यांना घरी पाठवले.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या कानावर पडूनही मनात शिरली नाही. ते गृहस्थ स्वतः ठणठणीत होते. ‘तुम्ही नाही जेवलात?’ असे मी सहज विचारले. ते म्हणाले, ‘जेवलो की. भगर-आमटी चांगली दोनदा घेतली. बटाटा तेवढा नाही खाल्ला. साखर वाढली म्हणून तुम्हीच बंद केलाय ना, डॉक्टर.’ मी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. अख्खे निदान त्या एका वाक्यात होते.

आठ दिवसांनी संकष्टी आली. सासू आणि सून दोघींचा उपवास. यावेळी भगर नव्हती, दुपारी बटाट्याचा कीस केला होता. रात्री चंद्र उगवायच्या आतच आजींना पुन्हा उलट्या सुरू झाल्या. सुनेलाही झाल्या, पण कमी. आजींचे वय बहात्तर. आधीच्या आजारपणाचा थकवा गेलेला नव्हता. माझ्याकडे आणले तेव्हा रक्तदाब इतका खाली आला होता, की मी त्यांना लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे दोन दिवस त्या सलाईनवर होत्या. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

‘आजी, कीस चवीला कसा लागला?’

‘कडवट लागला हो. घशात चुरचुरलं. मला वाटलं जिरं करपलं.’

‘मग खाल्लात कशाला?’

‘उपासाचं टाकायचं कसं? आणि हिच्या माहेरचे बटाटे.’

## पडवीतली पिशवी

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या पडवीत, दिवसभर उजेड येईल अशा जागी, जाळीची पिशवी खुंटीला टांगलेली होती. त्यातले बटाटे कच्च्या कैरीसारखे हिरवट होते. डोळ्यांच्या जागी आखूड, जाड, जांभळट कोंब होते. काही मोडले होते, काही अजून तसेच. साल न काढता, नुसते घासून-धुऊन ते शिजवले गेले होते. सालीत सत्त्व असते, हे महिला मंडळाच्या एका कार्यक्रमात मीच सांगितले होते, अशी आठवणही मला सूनबाईंनी करून दिली. आणि हिरवेपणाबद्दल आजींचे म्हणणे असे होते, की हिरवा म्हणजे कोवळा.

सूनबाईंचा भाऊ आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर शेती करतो. तो सगळा भाग खरिपाच्या बटाट्याचा. पावसाच्या सुरुवातीला लागवड होते. मला शंका आली, की बेण्याला बुरशीनाशकाची पावडर लावली असेल. त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘पावडर नाही लावली. पण ताई, ते खाल्लेत कशाला? लागवडीतून उरलेलं बेणं होतं. परसात लावायला दिलं होतं.’ झाले असे होते, की पिशवी आली तेव्हा सूनबाई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. आजींना ऐकू कमी येते. मोटारसायकल बंद न करताच तो दारातून ‘लावा’ म्हणाला, आणि आजींनी ते ‘खावा’ असे ऐकले.

ते बटाटे प्रयोगशाळेत गेले नाहीत, त्यामुळे कागदोपत्री पुरावा माझ्याजवळ नाही. पण भगर खाऊन बटाटा न खाणारा माणूस सुखरूप राहतो, भगर टाकून दिल्यावरही बटाटा खाणारे पुन्हा आजारी पडतात, चव कडू लागते, घसा चुरचुरतो, ताप नसतो आणि बटाटा हिरवा असतो. एवढे जुळल्यावर माझी खात्री पटली. आधीच्या केसपेपरवर लिहिलेले ‘भगर’ मी खोडले.

## उजेडाचा हुकूम

नवरात्रात आपण घट बसवतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मातीवर पेरलेले धान्य उगवते, ते हिरवे न उगवता पिवळे उगवते. दसऱ्याला तेच पिवळे तुरे आपण टोपीत खोवतो. शेतात तेच बी हिरवेगार येते. फरक फक्त उजेडाचा. पानांचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, तयार करण्याच्या कामातली शेवटची एक पायरी अशी आहे, की उजेड पडल्याशिवाय ती पुढे सरकतच नाही.

वनस्पती म्हणजे एक रसायनांचा कारखानाच, आणि त्यात कोणता माल किती काढायचा हे ठरवण्यात उजेडाचा मोठा वाटा असतो. सफरचंदाचा जो गाल उन्हाकडे असतो तो जास्त लाल होतो. जपानमध्ये ग्योकुरो नावाचा उंची चहा पिकवतात. त्याच्या मळ्यावर खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालून सावली करतात. सावलीत तुरट द्रव्ये कमी बनतात आणि चहा गोडसर होतो. म्हणजे एकाच झाडाची चव उजेडाने बदलते. बटाट्याच्या बाबतीत प्रकरण चवीवर थांबत नाही, एवढेच.

बटाटा जमिनीखाली वाढतो म्हणून आपण त्याला कंदमूळ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मूळ नव्हे. ते फुगलेले खोड आहे. बटाट्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या. रताळे हे खरे मूळ, आणि त्याचे कुळही वेगळे, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते रताळ्याला लागू नाही. जमिनीखाली अंधार आहे तोवर हे खोड निवांतपणे पिष्ट साठवत बसते. पण माती बाजूला झाली, पावसाने धुऊन गेली किंवा आपण बटाटा उपटून खिडकीत ठेवला, की त्याच्या सालीला उजेड कळतो. वनस्पतीत उजेड ओळखणारी खास प्रथिने असतात. ती जागी होतात आणि सालीखालच्या पेशी दोन कामांना लागतात. पिष्ट साठवणाऱ्या कणांचे रूपांतर हरितद्रव्याच्या कणांत होऊ लागते, हे पहिले काम. ते निरुपद्रवी आहे. पालकात आणि कोथिंबिरीत असते तेच हे हरितद्रव्य.

दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. त्याच पेशींत सोलॅनिन आणि चाकोनिन नावाची दोन कडू द्रव्ये वाढू लागतात. गंमत अशी, की बटाटा ती कोलेस्टेरॉलपासून बनवतो. वनस्पतीत कोलेस्टेरॉल औषधालाही सापडत नाही अशी आपली समजूत असते, पण बटाट्यात ते अत्यल्प का होईना असते आणि त्यापासून हे विष घडते. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी झाडाने केलेली ही सोय. पानांत आणि फुलांत ती भरपूर असते. जमिनीबाहेर उघडे पडलेले खोड कोणीतरी खाण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथेही झाड ती वाढवते असे समजले जाते.

ही दोन्ही कामे एकाच हुकमाने सुरू होत असली तरी एकमेकांवर अवलंबून नाहीत. हिरवा रंग हे विष नव्हे, ती विषाची पाटी आहे. आणि पाटी नेहमी खरे बोलतेच असे नाही. आपटलेल्या, कापलेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्यातही ही द्रव्ये वाढतात, तेही हिरवेपणा न दिसता. लाल सालीच्या बटाट्यात तर हिरवा रंग सालीखाली झाकून जातो. तो नखाने खरवडून पाहावा लागतो. हिरवा झालेला बटाटा पुन्हा अंधारात ठेवला तर रंग हळूहळू फिका होतो, कडू द्रव्ये मात्र मागे हटत नाहीत.

उजेड म्हणजे ऊनच असले पाहिजे असेही नाही. दुकानातली ट्यूब किंवा स्वयंपाकघरातला एलईडी दिवासुद्धा हे काम करतो. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, दिव्याखाली मांडलेला बटाटा काही दिवसांत हिरवट होतो.

## किती खाल्ले तर बाधते

नीट साठवलेल्या चांगल्या बटाट्यातही ही द्रव्ये थोडी असतातच, किलोमागे साधारण २० ते १०० मिलिग्रॅम. त्याने काही होत नाही. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही खाण्याच्या बटाट्याची मर्यादा जगभर मानली जाते. उजेडात हिरव्या झालेल्या सालीत मात्र हे प्रमाण हजाराच्या पुढे जाऊ शकते आणि कोंबात त्याहूनही जास्त असते. मधल्या पांढऱ्या गरात सगळ्यात कमी.

युरोपीय संघाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२०मध्ये या विषयावर अहवाल दिला. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम पोटात गेले तरी त्रास दिसू शकतो, असे त्यात म्हटले आहे. जुन्या वैद्यकीय साहित्यात किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम ही मात्रा जिवावर बेतणारी मानली आहे. आता हिशेब करून पाहा. मर्यादेच्या काठावरचा, म्हणजे किलोला २०० मिलिग्रॅमचा बटाटा आहे असे धरा. साठ किलोच्या माणसाला त्रास व्हायला असे ३०० ग्रॅम बटाटे लागतील. सोळा किलोच्या मुलाला ८० ग्रॅम पुरतात, म्हणजे एक लहानसा बटाटा. त्या द्वादशीला पाच वर्षांचा मुलगाच सर्वांत जास्त का मलूल झाला, हे यावरून लक्षात येईल.

आणि एरवी आपण बटाटा खातो किती? पोळीबरोबर चार फोडी. उपवासाला मात्र तोच पोळी आणि तोच भाजी. सकाळी कीस, दुपारी भाजी, रात्री उरलेली भाजी. एकाच दिवसात अर्धा किलो सहज होतो. ज्या बटाट्याने एरवी कळणारही नाही असा त्रास झाला असता, तोच उपवासाला दवाखाना दाखवतो. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातून निघालेले हे पीक पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले, नावही त्यांचेच घेऊन. त्याला आपण उपवासाच्या ताटात इतके मानाचे पान कसे दिले, हे मला न उलगडलेले कोडे आहे. असो.

ही द्रव्ये पोटात दोन प्रकारे काम करतात. आतड्याच्या आतल्या नाजूक पेशींची आवरणे ती बिघडवतात, त्यातून उलट्या, कळा आणि जुलाब होतात. आणि मज्जातंतूंच्या कामात लागणारे एक विकर ती काही प्रमाणात अडवतात. पिकांवर फवारायच्या काही कीटकनाशकांची बाधा होते तेव्हा हेच विकर बंद पडते. म्हणून काही रुग्णांना डोकेदुखी, ग्लानी, चक्कर, क्वचित भ्रम होतो. त्रास खाल्ल्यानंतर काही तासांनी सुरू होतो, कधी दुसऱ्या दिवशीही. त्यामुळे संशय नेमका शेवटी खाल्लेल्या पदार्थावर जातो. यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढत राहायचे. बहुतेक माणसे एक-दोन दिवसांत बरी होतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत मात्र वाट पाहत बसू नये. लघवी कमी झाली, मूल झोपाळू झाले किंवा म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले, तर तडक दवाखाना गाठावा. आणि घरात कोणी काय खाल्ले, कोणी काय खाल्ले नाही, हे दोन्ही डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरने मान हलवून विषय सोडला तर पुन्हा सांगावे.

असे रुग्ण आपल्याकडे पाहण्यात येत नाहीत, असे काही डॉक्टर मित्र मला म्हणतात. खरे आहे, मोठी विषबाधा विरळाच. कडू बटाटा माणूस सहसा थुंकतो. पण हलक्या बाधेला आपण सगळेच ‘पोट बिघडले’ हे एकच नाव देतो, त्यात असे किती दडून जात असतील! १९६९च्या शरद ऋतूत लंडनच्या एका शाळेत दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलगे आजारी पडले, त्यांतल्या १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. आधीच्या सत्रातले उरलेले एक पोते बटाटे सुट्टी संपल्यावर शिजवले होते. सुदैवाने सगळी मुले बरी झाली. त्या प्रकरणाचा सविस्तर वैद्यकीय लेख १९७९मध्ये प्रसिद्ध झाला. हे बटाटे उकडलेले होते, हे लक्षात घ्या.

उकडून, भाजून किंवा तळून ही द्रव्ये जात नाहीत. आपली कढई १७०-१८० अंशांपर्यंत तापते, तेवढ्या उष्णतेला ती दाद देत नाहीत. लिंबू पिळून, साखर-मिरची वाढवून कडूपणा झाकता येतो. मला वाटते हा तर जास्त धोका, कारण जीभ वेळेवर सावध करते आणि आपण तिचेच तोंड बंद करतो.

बटाट्याच्या मूळ मुलखात, पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवर, कडू जातीचे बटाटे पूर्वीपासून पिकतात. तिथले शेतकरी ते रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस भिजत ठेवतात आणि मग वाळवतात. याला ते चुन्यो म्हणतात. यात कडू द्रव्ये धुऊन जातात. काही ठिकाणी कडू बटाटा खाताना एका विशिष्ट मातीच्या चटणीत बुडवून खातात, ती माती ही द्रव्ये धरून ठेवते. ज्यांच्या शेतात बटाटा जन्मला त्यांना त्याचा स्वभाव असा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्याकडे पीक आले, पण त्याबरोबरची ही समज आली नाही.

## बेणे वेगळे, खाणे वेगळे

बटाटा उत्पादक शेतकऱ्यांना मात्र उजेडाचे हे गणित चांगले कळते, आणि ते दोन्ही बाजूंनी वापरतात. उभ्या पिकाला ते मातीची भर देतात. वाढणारे बटाटे उघडे पडून हिरवे होऊ नयेत, हे त्यामागचे एक मुख्य कारण. काढणीनंतर ढीग सावलीत लावून वर पेंढा, पालापाचोळा घालतात. बेण्याच्या बाबतीत नेमके उलटे. अंधारात ठेवलेल्या बेण्याला लांब, पांढरे, लेचेपेचे कोंब फुटतात आणि लावताना मोडतात. मंद, पसरलेल्या उजेडात ठेवले तर कोंब आखूड, जाड आणि दमदार येतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने छोट्या शेतकऱ्यांसाठी या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. असे हिरवे बेणे लावायला उत्तम, खायला मात्र अजिबात नाही. त्यावर बुरशीनाशक लावलेले असेल तर प्रश्नच मिटला. शेतकरी बांधवांना माझी विनंती आहे, की उरलेले बेणे पाहुण्यांकडे देताना मोटारसायकल क्षणभर बंद करावी.

घरात बटाटा गोणपाटात, कागदी पिशवीत किंवा टोपलीत ठेवून वरून जाड फडके टाकावे. जागा अंधारी, कोरडी आणि हवेशीर असावी. फ्रिजमध्ये अंधार असतो हे खरे, पण तिथे बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, भाजी गोडसर लागते आणि तळले तर लवकर काळपट होते. एकावेळी पाच किलो भरून ठेवण्यापेक्षा आठवड्यापुरते आणलेले बरे. दुकानात दर्शनी टोपलीतले चकचकीत बटाटे घेण्यापेक्षा आतल्या पोत्यातले मागावेत. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

एखाद्या कोपऱ्याला हिरवी झाक असेल तर साल जाड काढून, हिरवा भाग त्याच्या आसपासच्या गरासह कापून टाकावा. डोळे खोल कोरावेत. बराचसा बटाटा हिरवा असेल तर मोह धरू नये. शिजवल्यावर कडू लागला, तर भांडेभर भाजी टाकावी लागली तरी चालेल. मुलांना आणि गरोदर बायकांना असा बटाटा मुळीच देऊ नये. गाई-म्हशींना किंवा शेळीलाही हिरवे बटाटे आणि त्यांच्या साली घालू नयेत, जनावरांनाही हीच बाधा होते. चांगल्या, न हिरवळलेल्या बटाट्याची साल खायला हरकत नाही, माझे महिला मंडळातले बोलणे तेवढ्यापुरते खरे आहे. वेफर्सच्या पुड्यात एखाद्या चकतीची कड हिरवी निघाली तर ती बाजूला काढा, घाबरून पुडा फेकायची गरज नाही.

हे सगळे ऐकले, की गृहिणी हमखास विचारतात, हिरव्या टोमॅटोच्या चटणीचे काय? टोमॅटो हा बटाट्याच्याच कुळातला, आणि कच्च्या टोमॅटोतही त्याचे असे एक द्रव्य असते. पण ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. चटणी आपण खातो तरी किती, चमचा-दोन चमचे. खुशाल खावी.

आजी रुग्णालयातून घरी आल्यावर उरलेल्या बटाट्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. माहेरची वस्तू उकिरड्यावर टाकायला सूनबाई तयार नव्हत्या आणि आजीही नव्हत्या. शेवटी ज्यासाठी आले होते तेच झाले. परसात चार वाफे करून ते लावले. वर माती कमी पडू देऊ नका, बटाटा उघडा दिसला की भर द्या, एवढे मी जाता-येता सांगत होतो. गृहस्थ रोज सकाळी खुरपे घेऊन वाफ्यात बसायचे, त्यांच्या साखरेलाही त्याचा फायदा झाला.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी आजी स्वतः दवाखान्यात आल्या. हातात काळ्या कापडाची, तोंड सुतळीने घट्ट बांधलेली पिशवी होती. आत दीडेक किलो बटाटे, माती न धुतलेले. मी गाठ सोडून आत डोकावू लागलो, तसा त्यांनी पिशवीच्या तोंडावर हात ठेवला.

‘इथं नको उघडू, डॉक्टर. तुझ्या खोलीत उजेड फार आहे.’